बाळाचे जुनेर आणि चांद्याचे सूत

गेल्या जानेवारीत सूरजागडला ठाकूरदेवाच्या यात्रेला निघालो होतो. वाटेत एटापल्लीला चहासाठी थांबलो, तेवढ्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. तिला सातवा महिना लागला होता. म्हणाली, "मामा, तुमच्याकडे तर कापूसच कापूस. बाळासाठी ऑरगॅनिक कॉटनची झबली कुठे चांगली मिळतील, जरा बघ ना. इथे एकेका झबल्याला नऊशे रुपये सांगतात, आणि खरे किती, खोटे किती, काही कळत नाही."

मी ज्या दुकानापुढे उभा होतो तिथे बाळांचे कपडे दोरीला टांगलेले होते. गुलाबी, पोपटी, चकाकणारे. छातीवर अस्वल नाही तर मोटार छापलेली. हात लावून पाहिले. एकात नावालाही कापूस नव्हता. शेजारून एक माडिया बाई गेली. तिच्या कडेवर, पदराच्याच झोळीत, महिना-दीड महिन्याचे मूल होते. तिची साडीही पॉलिस्टरची होती. कापसासाठी प्रसिद्ध असलेल्या विदर्भाच्या एका टोकाला मी उभा होतो आणि बाळाच्या अंगाला लागेल असा कापूस नजरेच्या टप्प्यात कुठेच नव्हता.

भाचीला म्हटले, बघतो. मग जे बघत गेलो त्यातून हा लेख झाला. मी कापडाचा अभ्यासक नाही. जुन्या चांदा जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोलीचे कागद वाचायचा मला पंचवीस वर्षांपासून नाद आहे, एवढेच.

आपल्याकडे बाळाचे पहिले वस्त्र नवे नसे, इथून सुरुवात करायला हवी. पाचवी होईपर्यंत, काही घरांत बारसे होईपर्यंत, बाळाला नवे कापड लावायचे नाही असा रिवाज होता. आईचे, त्याहून आजीचे, वापरून वापरून विरत आलेले लुगडे फाडायचे आणि त्याची बाळुती, दुपटी, लंगोट करायचे. अशा लुगड्याला मराठीत स्वतंत्र शब्द आहे: जुनेर. 'जुने कापड' आणि 'जुनेर' यांत फरक आहे. जुने कापड टाकून देतात, जुनेर जपून ठेवतात. घरात कोणी गरोदर आहे असे कळले की म्हाताऱ्या बायका ट्रंकेतली जुनेरे वर काढीत, उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवीत. अंगडे-टोपडे, कुंची, बाळंतविडा ही कौतुकाची वस्त्रे नंतरची. ती पाहुण्यांना दाखवायची. बाळाचे दिवसरात्र चालायचे ते जुनेरावर.

या रिवाजाला कोणी सटवाईच्या भीतीची जोड देते, कोणी दृष्ट लागण्याची. ज्या घरात आधीची मुले दगावली असतील तिथे शेजारपाजारच्या घरांतून मागून आणलेल्या कपड्यातच मूल वाढवीत आणि नावही दगडू, धोंडू, केरू असे ठेवीत. मृत्यूने या मुलाकडे ढुंकूनही पाहू नये म्हणून. हे खरेच. पण त्याखाली एक साधे व्यवहारज्ञानही आहे. ते मला सावलीजवळच्या एका खेड्यातल्या म्हातारीने सांगितले. "नवा कपडा पोराले टोचते जी. धा-बारा डाव धुतला का मंग तो पोराचा होते." नव्या कापडाला कांजी असते, रंग कच्चा असतो, तंतूंची टोके उभी असतात. शंभर वेळा धुतलेल्या लुगड्यात यांतले काहीच उरलेले नसते. उरतो तो नुसता कापूस.

हा कापूस कोणी कातला होता?

चांद्याच्या सुताची कीर्ती मोठी होती. १८६५ साली नागपूरला मोठे प्रदर्शन भरले. त्यात चांदा जिल्ह्यातल्या हातकताईच्या सुताचा एक नमुना होता. ते सूत इतके बारीक होते, की एक पौंड वजनाचे सूत उलगडले तर ११७ मैल लांब जाईल, असा हिशेब तेव्हाच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवला आहे. मी कागदपेन्सिल घेऊन बसलो. ८४० यार्डांची एक लड धरली तर हे सूत जवळजवळ २४५ नंबरचे भरते. आज आपण मऊ म्हणून नावाजतो ते मलमल ८०-१०० नंबरच्या सुताचे असते. प्रदर्शनातला नमुना म्हणजे रोजचे काम नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. कोणा एका कुशल हाताने जीव ओतून काढलेली ती चार लडींची करामत असणार. पण तसा हात त्या गावात होता, हेही त्यातूनच सिद्ध होते.

तो हात महार बाईचा होता. इंग्रजी कागदांत 'धेड' हा तेव्हाचा हिणकस शब्द आहे, मी तो इथे वापरणार नाही. चांद्याकडे कताई आणि जाडेभरडे विणकाम हा महारांचा मोठा उद्योग होता. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर जो ग्रंथ काढला, त्यातही महारांच्या विणकामाची दखल आहे. ज्या समाजाचा स्पर्श चालत नव्हता त्याने कातलेले सूत सगळ्यांच्या अंगाला चालत होते. बऱ्याच गावांत सुईणही महार किंवा मांग समाजाचीच असे. म्हणजे सवर्णांच्या घरात जन्मलेल्या बाळाला पहिला स्पर्श त्या हातांचा, आणि त्याच्याभोवती गुंडाळले जाणारे सूतही त्याच वस्तीतले. मग बारा दिवसांनी सोयर फिटे, अंघोळी होत, आणि तो स्पर्श पुन्हा विटाळ ठरे. गॅझेटियरांत कापसाच्या गाठी मोजल्या आहेत, बाळुती कोणी मोजलेली नाहीत. पण बाळुत्यांचा इतिहास लिहायचा तर हे वाक्य आधी लिहावे लागेल. या वस्त्यांतल्या लोकांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत धम्मदीक्षा घेतली. तोवर त्यांच्या घरांतले चरखे जाऊन बरीच वर्षे झाली होती.

चरखे कसे गेले, ते मात्र नोंदलेले आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कॉटन कमिशनर म्हणून हॅरी रिवेट-कार्नॅक हा अधिकारी १८६० च्या दशकात नेमला गेला. माणूस उत्साही, निरीक्षण चांगले, चांद्याच्या कातणाऱ्यांच्या हाताचे कौतुकही त्याला होते. आणि त्याच माणसाने १८६९ च्या सुमाराच्या अहवालात मोकळेपणाने लिहिले, की या कापसाच्या मुलखात रेल्वेचा फाटा आला तर विलायती कापड इथल्या कापडापेक्षा स्वस्त विकता येईल. मग सुतासाठी खर्ची पडणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल, आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली माणसे शेतावर मजुरीला मिळतील. ही आशा म्हणून लिहिलेली आहे, भीती म्हणून नव्हे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात मँचेस्टरचा कापूस तुटला होता. त्या टंचाईची आठवण ताजी होती. त्यामुळे सरकारच्या लेखी चांद्याची बाई सूत कातते म्हणजे तेवढा कापूस वाया जातो, असा हिशेब होता.

रेल्वे आली. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत, आणि १८७० च्या दशकात कोळशाच्या निमित्ताने वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, पुढच्या काही वर्षांत हिंगणघाटलाही गिरणी निघाली. म्हणजे विलायती कापडाने जे सुरू केले ते देशी गिरणीने पूर्ण केले. आधी बारीक सूत गेले, कारण त्याच्याशीच गिरणीच्या सुताची थेट बरोबरी होती. जाडेभरडे काही दशके तगून राहिले. कातणाऱ्यांच्या मुली वेचणीला जाऊ लागल्या. रिवेट-कार्नॅकची आशा अक्षरशः फळाला आली.

आता खुद्द कापसाकडे वळतो. भाचीचा प्रश्न शेवटी कापसाचाच होता.

वर्धा नदीच्या खोऱ्यातला जुना कापूस म्हणजे 'बनी'. इंग्रज व्यापारी त्याला हिंगणघाट म्हणत, आणि मुंबईच्या बाजारात त्या नावाचा वेगळा भाव लागे. देशी जातींत इतका लांब, मऊ धाग्याचा कापूस थोडा. पण बनीचे झाड कमी पिके आणि सरकीच्या मानाने रुई कमी देई. 'जरी' नावाचा आखूड धाग्याचा कापूस जास्त पिके. मग शेतकऱ्याने थोडी जरी मिसळली, दलालाने आणखी थोडी, जिनिंगमध्ये सगळ्याची सरकी एकत्र झाली, आणि तीच सरकी पुढच्या साली बियाणे म्हणून पेरली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी शुद्ध बनी दुर्मिळ झाला होता. नाव मात्र 'हिंगणघाट'च. भेसळीची ही तक्रार इतकी जुनी, की मुंबई सरकारने १८६३ सालीच कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा केला होता. निरीक्षक नेमले, गाठींवर शिक्के मारणे सुरू केले. शिक्क्यांचीही नक्कल होऊ शकते, हे व्यापाऱ्यांना सरकारपेक्षा आधी कळले असावे.

पुढची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. अमेरिकन जाती आल्या. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांचा एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस आला. संकरित म्हणजे दर वर्षी बियाणे विकत घ्यायचे. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि दहा-बारा वर्षांत देशातले नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्र त्याखाली गेले. २००२ हेच एम्प्रेस मिल कायमची बंद पडल्याचे वर्ष. आमच्याकडे कोरपना, राजुरा, वरोरा भागात आज दिसतो तो जवळजवळ सगळा हाच कापूस. देशी कापूस रसशोषक किडींना मुळातच दाद देत नसे. संकरित अमेरिकन देतो. त्यामुळे बोंडअळीसाठी बीटी आले तरी फवारणीचा पंप खांद्यावरून उतरला नाही. पुढे गुलाबी बोंडअळीनेही बीटीला जुमानणे सोडले. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि मजूर मेले. शेकडोंना दवाखान्यात न्यावे लागले.

ऑरगॅनिक कापसाचा खरा अर्थ इथे आहे असे मला वाटते, आणि तो दुकानातल्या चिठ्ठीवर सांगितला जातो त्याहून वेगळा आहे. झबल्यावर लिहिलेले असते, 'तुमच्या बाळाच्या नाजूक त्वचेसाठी'. पण शेतात फवारलेल्या औषधाचा अंश तयार कपड्यात फारसा उरत नाही. कापूस गिरणीत कॉस्टिकमध्ये उकळला जातो, ब्लीच होतो, पुन्हा पुन्हा धुतला जातो. घालणाऱ्या बाळाला त्रास होतो तो बहुधा शेतातल्या विषाचा नव्हे, तर नंतरच्या संस्कारांचा: कच्चे रंग, सुरकुती पडू नये म्हणून दिलेले रेझिन आणि त्यातून सुटणारे फॉर्मल्डिहाइड, छातीवरच्या अस्वलाचा प्लॅस्टिकसारखा छाप. काही घातक अझो रंगांवर आपल्याकडे १९९७ मध्ये बंदी आली, पण आठवडी बाजारात टांगलेल्या झबल्याचा रंग तपासायला कोण जाते?

मग फवारणी नसलेल्या कापसाने भले कोणाचे होते? शेतात राहणाऱ्या बाळाचे. कापूस वेचायला बाया जातात तेव्हा धुऱ्यावरच्या बाभळीला किंवा बोरीला जुन्या साडीची झोळी बांधतात आणि त्यात तान्हे मूल झोपवतात. वाऱ्याने येते ते सगळे त्या झोळीत येते. पुण्यातल्या भाचीने नऊशे रुपये दिले तर ते स्वतःच्या बाळासाठी देते असे तिला वाटते. प्रत्यक्षात, साखळी प्रामाणिक असेल तर, ती त्या झोळीतल्या बाळासाठी देत असते. हे तिला कोणी सांगत नाही, कारण दुसऱ्याच्या बाळासाठी नऊशे रुपये कोणी देईल यावर विकणाऱ्याचा विश्वास नाही.

साखळी प्रामाणिक असेल तर, असे म्हटले. आपल्याकडे सेंद्रिय शेतीचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ पासून आहे. कापसासारख्या हंगामी पिकाला सेंद्रिय म्हणवून घेण्याआधी जमिनीने दोन वर्षांचा रूपांतरणाचा काळ काढावा लागतो. त्या दोन वर्षांत उत्पन्न घटते आणि भाव मात्र साध्या कापसाचाच मिळतो. विदर्भातल्या अनेक चांगल्या प्रयत्नांनी इथेच दम टाकला. कापड पातळीवर 'गॉट्स' हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात दोन पायऱ्या आहेत. ज्यात ९५ टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय, त्याला नुसते 'ऑरगॅनिक' म्हणता येते. ७० टक्के असेल तर 'ऑरगॅनिक धाग्यापासून बनवलेले' एवढेच लिहिता येते. हे मानक रंग आणि रसायनांवरही मर्यादा घालते, म्हणून बाळाच्या त्वचेपुरतेही त्याला मोल आहे. 'ओको-टेक्स' नावाची दुसरी चिठ्ठी दिसते, ती तयार कपड्यातली घातक द्रव्ये तपासते आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांसाठी तिची कसोटी सर्वांत कडक आहे. पण कापूस कसा पिकवला याच्याशी तिचा संबंध नाही. भाचीला हे सगळे मी फोनवर सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे दोन्ही चिठ्ठ्या बघायच्या?" मी म्हटले, हो, आणि तरीही धुऊन घालायचे.

कारण ऑक्टोबर २०२० मध्ये गॉट्सनेच जाहीर केले, की भारतात खोट्या प्रमाणपत्रांवर सुमारे २० हजार टन कापूस सेंद्रिय म्हणून फिरवला गेला. ११ कंपन्यांवर बंदी घातली गेली. मला बातमी वाचताना १८६३ चा कायदा आठवला. तेव्हा जरीला हिंगणघाट म्हणत होते, आता फवारलेल्याला ऑरगॅनिक. शिक्का बदलला, शाईही बदलली. तरी सगळेच खोटे, असा सोयीचा निष्कर्ष मी काढणार नाही. फसवणूक उघडकीला आणली ती त्या मानकाच्याच माणसांनी. आणि सचोटीने, कर्ज डोक्यावर घेऊन सेंद्रिय कापूस पिकवणारे शेतकरी मी वर्धा-यवतमाळकडे पाहिले आहेत. भेसळीचा पहिला फटका त्यांनाच बसतो.

जास्त दर कोणी आणि कशासाठी द्यायचा, हा प्रश्नही आमच्या जिल्ह्याला नवा नाही. सावली या गावात, आजच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या गडचिरोलीकडच्या कडेला, चरखा संघाचे खादीचे मोठे केंद्र होते. चांद्याचे जे बारीक सूत गिरणीने मारले, त्याच्या कातणाऱ्यांच्या नाती-पणत्या इथे पुन्हा चरख्यावर बसल्या. १९३५ साली गांधीजींनी संघाकडे हट्ट धरला, की कातणाऱ्या बाईला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. आठ तासांच्या कामाला आठ आणे, ही त्यांची इच्छा होती. संघाला ते झेपण्यासारखे नव्हते, दर त्याहून बराच कमी ठरला, तरीही जुन्या मजुरीच्या मानाने वाढ मोठी होती. महाराष्ट्र शाखेने, म्हणजे कृष्णदास जाजूंनी, या कामात पुढाकार घेतला. मजुरी वाढली तशी खादी महागली, आणि गिऱ्हाइके कुरकुरू लागली. १९३६ च्या आरंभी गांधी सेवा संघाचे अधिवेशन सावलीलाच भरले आणि गांधीजी स्वतः आले. शहरी गिऱ्हाइकाला 'स्वदेशी' पटले होते, 'महाग स्वदेशी' पटवणे अवघड जात होते. देशासाठी चार पैसे जास्त द्यायला माणूस तयार होई, सावलीच्या बाईसाठी द्यायला कचरे. आज बाळाच्या त्वचेच्या नावाने पैसे मागतात त्याचे कारण मला या घासाघिशीत दिसते.

सावलीचे सूत बाळुत्यांना लागले का? खादीचे नवे कापड बाळाला टोचणारे. पण खादीचे लुगडे दहा वर्षे नेसल्यावर त्याच्यासारखे जुनेर दुसरे नाही, असे त्या भागातल्या दोघी-तिघी म्हाताऱ्यांनी मला आपणहून सांगितले. हातसुताला गिरणीच्या सुताइतका घट्ट पीळ नसतो, ते पाणी लवकर पिते. देशी कापसाच्या आखूड, भरड जातींचा तंतूही पाणी चांगले शोषतो, म्हणून दवाखान्यातला सर्जिकल कापूस आजही अशा जातींपासून करतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्यासाठी काढलेल्या वाणाचे नावच 'फुले धन्वंतरी' आहे. व्यापाऱ्याने आखूड म्हणून हिणवलेला कापूस लंगोटासाठी मात्र पहिल्या प्रतीचा.

आता सूरजागडकडे परत येतो. हा डोंगराळ पट्टा धानाचा आणि जंगलाचा, कापसाचा नव्हे. माडियांत विणण्याची परंपरा नव्हती. कापड बाजारातून, विणकर जातींकडून यायचे; मोह, मध, डिंक देऊन घ्यायचे, आणि म्हणून ते कमीच असायचे. १९७३ च्या डिसेंबरात भामरागडजवळ हेमलकसाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. भोवतालच्या माणसांच्या अंगावर थंडीतही पुरते कापड नाही हे पाहून डॉ. प्रकाश आमट्यांनी स्वतः अर्धी चड्डी आणि बनियन एवढ्यावर राहायचे ठरवले, हे महाराष्ट्राला माहीत आहे. अशा घरात जुनेर कुठून साठणार? जिथे लुगडी दोन, तिथे जुने झालेले लुगडेही नेसण्यातच असते. आपण 'परंपरा' म्हणतो त्या बऱ्याच गोष्टींना आधी एक भरलेली ट्रंक लागते.

आणि इथे प्रश्न मऊपणाचा नव्हता, उबेचा होता. गडचिरोलीतल्या खेड्यांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग केला. ३९ गावांत आरोग्यदूत बायका तयार केल्या. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले: नवजात मृत्यूंत ६२ टक्क्यांची घट. त्या यशातला मोठा भाग जंतुसंसर्गावरच्या इंजेक्शनांचा आणि वेळेवर केलेल्या उपचारांचा आहे. पण बाळ लगेच कोरडे करणे, डोके झाकणे, गुंडाळणे, कमी वजनाच्या बाळाला उबदार पिशवीत ठेवणे, हेही त्या कामाचे अंग होते. ही पद्धत २०११ पासून देशभर आशांच्या कामात आली. आशाच्या पिशवीत तापमापक आणि वजनकाट्यासोबत बाळाला गुंडाळायचे कापडही असते. फिनलंडने १९३८ पासून गरीब आयांना बाळंतपणाची पेटी द्यायला सुरुवात केली, त्यात कपडे आणि कापड होते. आपल्याकडे तेलंगणाने २०१७ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१९ मध्ये बाळाच्या कपड्यांसह संच द्यायचे ठरवले. सरकारने दिलेले जुनेरच म्हणायचे, फक्त नवेकोरे.

घरचे जुनेर मात्र संपले, आणि हे फक्त जंगलात झाले नाही. १९७०-८० पासून साड्या सिंथेटिक झाल्या. स्वस्त, इस्त्री नको, धुतली की वाळली. शेतात राबणाऱ्या बाईला त्याचा केवढा आधार झाला हे नाकारून चालणार नाही. नऊवारी सुती लुगडे धुणे म्हणजे काय, ते नदीवर धुणाऱ्या बाईला विचारावे. पण नायलॉनचे जुनेर होत नाही. ते विरत नाही, पाणी पीत नाही, आगीजवळ गेले तर वितळून अंगाला चिकटते. म्हणजे पिढ्यान् पिढ्या घरात फुकट तयार होत आलेली वस्तू एका पिढीत नाहीशी झाली, आणि बरोबर तेवढीच जागा आता बाजार 'बेबी कॉटन' म्हणून भरतो आहे. माझ्या ओळखीच्या एका आशाताईने यावर तोड काढली आहे. ती गावातल्या बायांना सांगते, जुना सुती गाऊन टाकू नका, बाळाला ठेवा. गाऊनला आम्ही हसत आलो, पण खेड्यापाड्यांत सुती जुनेराचा वंश आज त्यानेच टिकवला आहे.

यात्रेहून परतताना एटापल्ली-आलापल्ली रस्त्यावर एका अंगणात पाणी मागायला थांबलो. लोहखनिजाचे ट्रक एकामागून एक जात होते. अंगणात दोरी होती, पण तिच्यावर कपडे नव्हते. बाळाची फडकी आत, चुलीच्या वर, बांबूवर वाळत टाकलेली होती. बाहेर घातली की लाल होतात, असे त्या बाईने सांगितले. धूळ पुन्हा धुवावी लागते, आणि फडकी होती चार. एक तिच्या लग्नाच्या आधीच्या टॉवेलचे, दोन नवऱ्याच्या जुन्या लुंगीची, आणि एक दवाखान्यातून मिळालेले. त्या लुंगीच्या तुकड्यांना मी हात लावून पाहिला. सुती होते, विरत आलेले, अगदी मऊ.

चंद्रपूरला आल्यावर आईची ट्रंक उघडली. ती जाऊन सात वर्षे झाली. तळाशी दोन सुती लुगडी निघाली, एक हिरवे, एक विटलेले जांभळे, दोन्ही गुडघ्याच्या जागी पारदर्शक झालेली. उकळून, उन्हात वाळवून ती पुण्याला पाठवली. भाचीने झबली शेवटी दोनच विकत घेतली, दोन्ही चिठ्ठ्या पाहून. लुगड्यांची एकवीस दुपटी झाली. काठ तिने वेगळे काढून कुंचीला लावले. मुलगी झाली. दुसऱ्या महिन्यात पुन्हा फोन आला, "मामा, दुपटी कमी पडताहेत. आजीचे आणखी एखादे लुगडे आहे का?"

ट्रंकेत बघितले. उरलेल्या सगळ्या साड्या नव्वदनंतरच्या होत्या.